आईला व्हीलचेअरवरून एडिनबरा दाखवता येईल का?

येईल, पण नकाशावर विसंबू नका. नकाशात जॉर्ज फोर्थ ब्रिज आणि काउगेट हे रस्ते एकमेकांना छेदताना दिसतात, प्रत्यक्षात एक पुलावर आणि दुसरा खाली दरीत! मधल्या 'क्लोज' नावाच्या बोळांत बहुतेक पायऱ्याच. म्हणून चढ-उतार बसने किंवा काळ्या टॅक्सीने करा. दोन्हींत रॅम्प असतो. बसमध्ये व्हीलचेअरची जागा मात्र एकच, ती भरली असेल तर पुढच्या बसची वाट पाहायची.

विमानतळावरून ट्रॅम घ्या. फलाट आणि डबा एका पातळीत, थेट प्रिन्सेस स्ट्रीटला उतरता. हा रस्ता सपाट आहे, किल्लाही इथूनच सगळ्यात छान दिसतो.

रॉयल माइल हा जुन्या शहरातला मुख्य रस्ता म्हणजे किल्ल्यापासून होलिरूड राजवाड्यापर्यंत सलग उतार, त्यात दगडी फरसबंदी. पुढची छोटी चाकं अडकतात आणि पाठीला दणके बसतात. आम्ही माझ्या बाबांच्या खुर्चीत जाड उशी घातली होती, तरी ते वैतागलेच. वरून सुरुवात करा, सेंट जाइल्स कॅथेड्रलपर्यंत या, तिथून टॅक्सी. पूर्ण माइल ढकलत जाण्याचा हट्ट नको.

किल्ल्यात वर नेणारी गाडी असते आणि सोबत्याला तिकीट लागत नाही. गाडीबद्दल तिकीट काढतानाच विचारा. एकच ठिकाण निवडायचं झालं तर मी चेंबर्स स्ट्रीटवरचं नॅशनल म्युझियम म्हणेन: प्रवेश मोफत, दार रस्त्याच्या पातळीवर, आणि लिफ्टने गच्चीवर गेलात की अख्खं जुनं शहर समोर.