टोपलीतून उठणारी बाई

प्रश्न : ताई, परवा रात्री आम्ही चौघी मैत्रिणींनी 'द लेअर ऑफ द व्हाइट वर्म' बघितला. दोघी हसून लोळत होत्या आणि मी पाय वर घेऊन बसलेले. हा नक्की हॉरर आहे का कॉमेडी? आणि वर्म म्हणजे अळी ना, मग एवढा मोठा साप कसा काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी अळीचं बघू. जुन्या इंग्रजीत हाच शब्द साप, ड्रॅगन यांच्यासाठी वापरायचे. इंग्लंडच्या डरहॅम भागात लॅम्ब्टन वर्मची दंतकथा आहे, रविवारी चर्च सोडून वेअर नदीवर गळ टाकून बसलेल्या पोराला काहीतरी बारकं वळवळणारं सापडतं, तो ते विहिरीत फेकून देतो आणि विसरून जातो, मग ते वाढून वाढून टेकडीला वेढे घालतं आणि गावाला रोज नऊ गायींचं दूध त्याच्यासाठी ठेवावं लागतं. नऊ गायींचं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नागपंचमीची दुधाची वाटीच डोळ्यासमोर आली, इतक्या लांब पण सापाला दूधच. ब्रॅम स्टोकरने 1911 साली कादंबरी लिहिली आणि 1988 मध्ये केन रसेलने त्यावरून पिक्चर काढताना लॅम्ब्टनचं डॅम्पटन केलं, पिक्चरची गोष्ट डर्बीशायरमध्ये घडते.

आता तुमचा खरा प्रश्न. दोन्ही आहे हो, आणि एकाच वेळी आहे, म्हणून तर मला तो एवढा आवडतो. तो टोपलीचा सीन आठवा. ह्यू ग्रँट गच्चीवरच्या लाउडस्पीकरवर गारुड्याचं संगीत लावतो आणि तिकडे सर्पदेवाची पुजारीण लेडी सिल्व्हिया टोपलीतून डोलत डोलत वर येते. हसू येतंच, पण सिल्व्हिया झालेल्या अमांडा डोनोहोचा चेहरा बघा, ती कुठेही गंमत करत नाहीये, तिला खरंच त्या सुरांनी ओढलंय, आणि ते लक्षात आलं की हसू घशातच अडकतं. तुम्ही पाय वर घेतले ते बरोबरच केलंत, मी पण घेतले होते.

प्रश्न : सापाला खरंच संगीत ऐकू येतं का? 'व्हाइट वर्म'मधला तो स्कॉटिश पोरगा तर बॅगपाइप, म्हणजे पिशवीत हवा भरून वाजवायचं ते वाद्य, वाजवतो.
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : सापाला बाहेरचा कान नसतो, जमिनीची कंपनं जबड्याच्या हाडातून आत पोचतात. नाग डोलतो तो पुंगीच्या सुरावर नाही, समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून. आणि दूध हा त्याचा आहारच नाही, नागपंचमीला कुणी पाजताना दिसलं तर कृपा करून थांबवा. बॅगपाइप वाजवणारा तो पोरगा म्हणजे पीटर कपाल्डी, पुढे 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेचा डॉक्टर झाला. किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा तो घागरा, घालून, मुंगूस बरोबर घेऊन सापाच्या बाईच्या घरात शिरायचं हे सुचलं कसं असेल!

प्रश्न : हा पिक्चर मुलांना दाखवू का?
– एक आई, ठाणे

उत्तर : नको. त्यात नन्सवर अत्याचाराची भ्रमदृश्यं आहेत, क्रुसाची विटंबना आहे, नग्नता आहे, श्रद्धाळू ख्रिश्चन मैत्रीण सोबत असेल तर तिलाही आधी सांगून ठेवा. मुलं झोपल्यावर तुम्ही बघा, आणि पार्टीतलं गाणं येईल तेव्हा फोन बाजूला ठेवा, ते लॅम्ब्टनच्या जुन्या गाण्यावरूनच बांधलंय.