ल्यूबेक हे जर्मन बंदर एवढं श्रीमंत कसं झालं आणि मग मागे का पडलं?

एका शब्दात सांगायचं तर मिठामुळे.

मध्ययुगात ख्रिस्ती लोक उपवासाच्या दिवशी मांस खात नसत, मासा चालायचा. बाल्टिक समुद्रात हेरिंग मासा अमाप मिळायचा, पण तो लगेच खराब होतो. खारवून पिंपात भरला तरच दूर पाठवता येणार. बाल्टिकच्या काठाला तेवढं मीठ नव्हतं. ते दक्षिणेला ल्यूनेबुर्गला होतं, तिथे जमिनीतलं खारं पाणी उकळून मीठ काढत. या दोन गोष्टींची गाठ घालून देणारं गाव म्हणजे ल्यूबेक. १३९८ मध्ये तर त्यांनी मिठाच्या होड्यांसाठी श्टेकनित्स कालवाच खणून पूर्ण केला.

बाकी सनावळी थोडक्यात: ११४३ मध्ये वसलं, आगीत जळालं, ११५९ मध्ये सॅक्सनीचा ड्यूक हेन्री द लायन याने पुन्हा उभारलं. १२२६ मध्ये पवित्र रोमन सम्राटाने स्वायत्तता दिली, ती थेट १९३७ पर्यंत टिकली, हिटलरच्या सरकारने ती काढून घेईपर्यंत. हान्सा या व्यापारी शहरांच्या संघाचं हेच प्रमुख शहर.

उतरती कळा का लागली? माझ्या मते डचांमुळे. ते उत्तर समुद्रात जहाजावरच मासा साफ करून खारवू लागले आणि डेन्मार्कला वळसा घालून थेट बाल्टिकमध्ये माल नेऊ लागले. मग दोन समुद्रांमधल्या जमिनीवरच्या वाटेवर असलेल्या ल्यूबेकची गरज कुणाला? अटलांटिकपलीकडचा व्यापार वाढला, तो वेगळाच. १६६९ मध्ये हान्साची शेवटची सभा याच गावात भरली, तेव्हा जेमतेम नऊ शहरांचे प्रतिनिधी आले.

हॅम्बुर्गहून ट्रेनने पाऊण तासात पोचता येतं, जरूर जा. होल्स्टेन वेशीचे दोन बुरूज दलदलीत खचून कललेत, ते नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. शेजारी नदीकाठी मिठाची सहा जुनी विटांची कोठारं आहेत. तिथून मारीएनकिर्खं या चर्चमध्ये या. व्यापाऱ्यांनी ते बिशपच्या चर्चपेक्षाही भव्य बांधलं. दक्षिण मनोऱ्याखाली दोन मोठ्या घंटा फुटून पडल्यात. मार्च १९४२ मधल्या बॉम्बहल्ल्याच्या रात्री मनोरा पेटला आणि त्या खाली कोसळल्या. फरशी फोडून जमिनीत रुतल्या, तिथेच आजही आहेत, कुणी हलवल्या नाहीत. मी त्यांच्यापाशी बराच वेळ उभा होतो.