गाडी थंड असताना बघ

पोरी,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. पुण्यातल्या त्या पांढऱ्या अबार्थ पुंटोचे सत्तावीस फोटो पाठवलेस. चाकांवरची विंचवाची खूण चारही बाजूंनी टिपली आहे, इंजिन धुऊन आरशासारखं केलं आहे. पण डिपस्टिकचा, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीचा, फोटो नाही, टायरवरच्या तारखेचा नाही, एकाही बिलाचा नाही. आणि त्या माणसाला रविवारपर्यंत पन्नास हजार विसार हवा आहे. हाताशी सात लाख आहेत, ट्रॅकवर चालवायची आहे, तर ती पुंटो घेऊ, इथलीच इंदूरची पोलो जीटी टीएसआय घेऊ, की स्विफ्ट घेऊन गप्प बसू, असं विचारलंस. उत्तर देतोच. त्याआधी एक सांगतो, आणि पत्रभर तेच सांगत राहणार आहे: गाडी थंड असताना बघ.

थंड म्हणजे रात्रभर उभी असलेली. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याला पोच, मावशीकडे झोप, आणि त्याला निरोप दे की सकाळी साडेसहाला येते, गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बोलणं सुरू होण्याआधी बॉनेटवर तळहात ठेव, मग वाकून सायलेन्सरच्या नळीला हात लाव. कोमट लागलं तर तो म्हणेल, तुम्ही लांबून येताय म्हणून जरा गरम करून ठेवली होती. चहा पी आणि परत फीर. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. गरम इंजिनात अर्धी दुखणी झाकली जातात. धातू तापून फुगतो, फटी बुजतात, तेल सगळीकडे पोचतं, आणि पहाटे जी गाडी खोकत होती ती दुपारी तक्रारच करत नाही.

पुंटोच्या त्या १.४ टी-जेट टर्बो इंजिनात सगळ्यात आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ऐक, म्हणजे इंजिनातून जळका धूर बाहेर नेणारा ओतीव भाग. सारखं तापून निवून तो इंजिनाला धरून ठेवणारे स्टड मोडतात, कधी मॅनिफोल्डलाच तडा जातो. थंड इंजिन सुरू केलं की टिक्-टिक्-टिक् असा कोरडा आवाज येतो, रेस दिली की टिकटिकही जलद होते, आणि पाच-सात मिनिटांत धातू फुगून फट बुजली की आवाज गेला. म्हणून पहिली तीस सेकंदं बॉनेट उघडं ठेवून तूच शेजारी उभी राहा, किल्ली त्याला फिरवू दे. मोडलेला स्टड हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, काढणं हे दिवसभराचं काम आहे, आणि काढताना आत तुटला तर हेडच उतरवावं लागतं. एवढं मोठं खर्चाचं दुखणं, आणि ते ऐकू येतं फक्त त्या पहिल्या काही मिनिटांत.

त्याच वेळी दुसरा कोणी असेल तर त्याला मागे उभं कर, धूर बघायला. सुरू करताना निळसर धूर भपकन आला आणि लगेच गेला, तर व्हॉल्व्हचे सील कडक झालेत. रेस देताना निळा येतच राहिला तर टर्बो किंवा पिस्टनच्या रिंगा गेल्यात. सकाळची थोडी पांढरी वाफ चालते, पण इंजिन तापल्यावरही ती थांबली नाही आणि गोडसर वास आला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, जळतंय. कूलंटचं झाकण मात्र सुरू करण्याआधीच उघडून बघ. तापल्यावर उघडलंस तर हात भाजून घेशील. वर तेलाचा तवंग नको, तळाशी गंज नको. नुसतं नळाचं पाणी भरलेलं दिसलं तर त्या मालकाने बाकी ठिकाणीही काय वाचवलं असेल ते समज.

टायमिंग बेल्टबद्दल वाद घालू नकोस. व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ हाच बेल्ट राखतो, आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. बेल्ट किलोमीटरने झिजतो तसा वर्षांनीही कडक होतो. अबार्थ पुंटो आली ऑक्टोबर २०१५ मध्ये. आज कुठलीही घेतलीस तरी मूळ बेल्टवर विश्वास ठेवायचा काळ कधीच संपला आहे. "बदललाय" हा शब्द म्हणजे बिल नव्हे. तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धर, आणि बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप तिन्हींचा खर्च किमतीतून वजा करून बोल.

त्या पुंटोचा स्टेज वन रीमॅप, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून वाढवलेली ताकद, तुला भूषण वाटतोय, मला तो प्रश्नच वाटतो. मूळ गाडी १४५ बीएचपी आणि २१२ न्यूटन मीटरची. टॉर्क वाढवल्याचा पहिला मार क्लचवर. चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवर ये आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाब. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग मागे रेंगाळला तर क्लच घसरतोय. गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा ओबीडी स्कॅनर बरोबर ने. फॉल्ट कोड एकही नाही आणि रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही अपूर्ण दिसताहेत, तर कोणीतरी कालच मेमरी पुसली आहे. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घे. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून खाली असेल तर तिथेच थांब. कॉम्प्रेशन गरम इंजिनावर मोजतात. या पत्रात गरम इंजिनाला मी दिलेली परवानगी एवढीच.

गाडी ट्रॅकवर किती पिळली गेली हे मालकाला विचारायची गरज नाही. पुढच्या टायरची बाहेरची कड सोललेली आणि दाणेदार झालेली असते. ब्रेकच्या डिस्कवर निळी झाक असते, बारीक केसासारख्या भेगा असतात. पुढच्या बंपरमागे टो हुकच्या, म्हणजे गाडी ओढायच्या हुकाच्या, आट्यांचा रंग उडालेला असतो. ट्रॅकवर गेलेली गाडी वाईट असं मी म्हणत नाही, निगा राखली असेल तर बिनधास्त घे. लपवलेली मात्र घेऊ नकोस. अपघाताचं तसंच: सगळ्या काचांवरचं वर्ष जुळतंय का, फेंडरच्या बोल्टवर पाना फिरल्याच्या खुणा आहेत का, पुढच्या चॅसीच्या दांड्यांना सुरकुती आहे का. टायरवरचे चार आकडे वाच: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपलीकडचं रबर नक्षी शाबूत असली तरी ट्रॅकवर धरत नाही.

आता तुझा प्रश्न. इथली जीटी टीएसआय शहरात फार गोड चालते, पण तिचा सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा आहे. तेलात बुडालेला नसल्याने क्लचची उष्णता काढून न्यायला काही नाही, ट्रॅकवर तो तापणार, आणि गिअर बदलणारा मेकाट्रॉनिक हा भाग बिघडला तर बिल तुझ्या पगारापलीकडचं. थंड असताना डी मध्ये टाकून ब्रेक सोड आणि सरकू दे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर जाणवली तर विषय संपला. ट्रॅकसाठी मी तिला नाहीच म्हणतो. पोलोच हवी असेल तर २०२० नंतरची १.० टीएसआय मॅन्युअल शोध, ११० पीएस. पुंटो घ्यायला हरकत नाही, स्टिअरिंगचा हाताला मिळणारा निरोप आणि चारही चाकांना डिस्क, असं त्या किमतीत फार थोड्यांनी दिलं. पण ती बंद झालेली गाडी आहे, कुठला पार्ट किती दिवसांनी येईल याचा भरवसा नाही, आणि माझ्या आठवणीप्रमाणे तिच्यात घसरणारी गाडी आपोआप सावरणारी ईएसपी नाही. मागचं टोक सुटलं तर सावरणारं कोणी नाही. स्विफ्टला तू "गप्प बसणं" म्हणालीस त्याचा मला राग आला. २०१८ ची १.२ पेट्रोल मॅन्युअल जेमतेम ८५५ ते ८८० किलोची आहे. हलकी गाडी ब्रेक कमी तापवते, टायर कमी खाते, पार्ट कोपऱ्यावर मिळतात, आणि ८३ पीएसवर प्रत्येक चूक तुला स्पष्ट दिसते. चूक झाकायला ताकदच नाही ना.

सातपैकी सहा लाख गाडीत घालणार असशील तर पुंटो तुझी नाही. पाचात मिळाली तर घे. उरलेल्या दोनांत बेल्ट, चार टायर, ब्रेकचे पॅड, डिस्क, ब्रेक फ्लुइड, सस्पेन्शनच्या लोअर आर्मची रबरी बुशिंग आणि दोनदा ट्रॅकला जाण्याचं पेट्रोल. कोइमतूरचा कारी स्पीडवे किंवा ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, दोन्ही इंदूरहून लांब आहेत. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ पासून सुरू आहे, पण ती वाहनचाचणीची जागा आहे. आपली गाडी घेऊन रविवारी चक्कर मारायची ती जागा नव्हे. आणि आपल्या इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर रात्री अकराला तुझे मित्र जे करतात त्याला ड्रायव्हिंग म्हणत नाहीत. माणसं घरी जात असतात त्या रस्त्याने.

मी ताकदीच्या विरुद्ध आहे असं तुझे मित्र म्हणतात, ते माझ्या कानावर आहे. मी नाही. पण इंजिनात वाढवलेली प्रत्येक ताकद शेवटी ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती कुठे जाणार हे न बघता ताकद वाढवणाऱ्यांशी माझं जमत नाही. उमेदीची वर्षं मी आधी ब्रेक, मग ताकद या क्रमाने घालवली नाहीत याची खंत आहे, म्हणून तुला दामटून सांगतो. आधी ब्रेक फ्लुइड. त्यातल्या डॉट ४ दर्जाचा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश, ओलावा शोषल्यावर किमान १५५. दोन वर्षं जुनं फ्लुइड म्हणजे त्या दुसऱ्या आकड्याकडे सरकलेलं. एक लिटर आण, सगळं बदल: मागचं डावं चाक, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं, मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तो. पेडल मऊ होऊन खाली गेलं तर फ्लुइड उकळलं. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅडने हार मानली. पॅड पाच मिलिमीटरच्या खाली असताना ट्रॅकवर जायचंच नाही.

ट्रॅकवरही थंडपणाचाच हिशेब. पहिली फेरी हळू, कूलंटचा काटा मध्यावर आला तरी तेल अजून तापलेलं नसतं. मग चार-पाच फेऱ्या, आणि शेवटची फेरी ब्रेकला जवळजवळ न शिवता. पिटमध्ये आल्यावर हातब्रेक ओढू नकोस, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. चाकाखाली वीट लाव. इंजिन न्यूट्रलमध्ये मिनिटभर चालू राहू दे, टर्बोचं तेल फिरायला हवं, मग बंद करून गिअरमध्ये ठेव. टायरमधल्या हवेचा दाब लगेच मोज: थंड असताना ३० पीएसआयने निघालीस तर ३५-३६ दिसेल, त्याच्या वर गेला असेल तर सोड, आणि घरी निघताना पुन्हा भर. चाकांचे बोल्ट पहिल्या सेशननंतर टॉर्क रेंचने तपास. ब्रेक सरळ रेषेत, वळणात शिरण्याआधी. पुढचं टोक बाहेर सरकायला लागलं तर स्टिअरिंग आणखी वळवू नकोस, अॅक्सिलरेटर किंचित कमी कर. किंचित, झटक्यात पाय काढलास तर मागचं टोक फिरेल. हे वाचून येणार नाही, पण वाचलेलं असू दे.

कागद थोडक्यात. महाराष्ट्राची गाडी इथे आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, त्याचा फॉर्म २८. हस्तांतराचे २९ आणि ३०. कर्ज असेल तर बँकेच्या पत्रासह ३५. बारा महिन्यांच्या आत एमपी ०९ नंबर आणि इथला रोड टॅक्स. विमा चौदा दिवसांत नावावर. आणि साध्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, ट्रॅकवर ठोकलीस तर खर्च तुझा.

घेतलीस तर परत येताना धुळे, सेंधवा, मानपूर या रस्त्याने दिवसाच ये. बिजासन घाटात ट्रकच्या मागे राहावं लागलं तर राहा, आणि अर्ध्या वाटेवर थांबून, दहा मिनिटं गाडी निवू देऊन तेलाची पातळी बघ. ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर आहे, ढाब्यासमोरच्या खड्ड्यात तेलाचा चेंबर घासू नकोस.

शनिवारी मी सहापासून जागा आहे. गाडी सुरू करण्याआधी व्हिडिओ कॉल लाव, फोन मॅनिफोल्डजवळ धर आणि तीस सेकंदं कोणालाही बोलू देऊ नकोस. विसाराचं मग बघू.

तुझा काका
राजेंद्रनगर, इंदूर