जैसलमेरला जायचा सर्वात चांगला मोसम कोणता? मे महिन्यात निम्म्या दरात मिळतंय, जाऊ का?

प्रश्न वाचला आणि गॅस बारीक करून लिहायला बसले. मे महिन्यात हॉटेल निम्म्या दरात मिळतंय, मुलांना सुट्टी आहे, मुलं ७ आणि ११ वर्षांची, चालेल का, नाहीतर कधी जावं, असं तुम्ही विचारलंय. २०१८ च्या एप्रिलमध्ये अगदी हेच आमच्या डोंबिवलीच्या घरात माझे मोठे दीर विचारत होते. आणि ‘चालेल की’ असं उत्तर ज्या बाईने दिलं ती मी. तेव्हा उत्तर जरा घरगुती होणार, चालवून घ्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे तुम्हाला माहीत आहेच. तेवढंच हवं असतं तर तुम्ही विचारलंच नसतं.

माझं माहेर अकोला. उन्हाच्या बाबतीत अकोल्याच्या माणसाला एक माज असतो, तो माझ्यातही आहे. मुंबईत ३६ झालं की बातम्या लागतात. आमच्याकडे ४४ म्हटलं की लोक ‘आज बरं आहे’ म्हणतात. भर मे महिन्यात साडेबाराचे मुहूर्त असतात, नवरदेव कोट घालून उभा असतो. तर भाऊजी दर बघून हरखले होते पण मनातून कचरत होते, आणि मी पोहे देता देता म्हणून गेले, “४४-४५ ला काय घाबरायचं भाऊजी? आमच्याकडे तेवढ्यात लग्नं लागतात.” झालं. अकोल्याची हमी मिळाली. सासूबाई धरून सात तिकिटं निघाली. वांद्र्याहून सूर्यनगरी एक्सप्रेसने जोधपूर, पुढे गाडी.

जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही, कारण ते सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. अकोल्यात लग्नं लागतात ती मांडवाखाली, कूलरसमोर. बाकी गाव अकरा ते पाच बंद. माझे वडील म्हणायचे, “अकरा ते पाच बाहेर पडते तो एक पोस्टमन, नाहीतर येडपट.” खिडकीला वाळ्याची ताटी, डोक्याला दुपट्टा, उतरंडीवर पन्ह्याचं भांडं. हे सगळं मिळून आमचं ४५ होतं. डोंबिवलीकरांना मी त्यातला फक्त आकडा दिला.

जोधपूरहून आम्ही ओसियांची देवळं बघत फलोदीवरून गेलो. फलोदी म्हणजे जिथे १९ मे २०१६ ला ५१ अंश नोंदले गेले ते गाव. ड्रायव्हरने ते गाडीतूनच दाखवलं. गाडीतले सगळे खिडकीकडे झुकले, जणू काही आकडा रस्त्यावर उभा असेल. चहाला उतरलो तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, “घामच येत नाही बघ. आपल्या डोंबिवलीपेक्षा कितीतरी बरं.”

कोकणपट्टीतल्या माणसाची फसगत इथेच होते. घाम येत नाही असं नसतं, तो दिसायच्या आत वाळतो. त्यात मे-जूनमध्ये तिथे वारा इतका की शहराभोवती मैलोन्मैल पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या काही उगाच नाहीत. वारा लागतोय, कपडे कोरडे आहेत, म्हणजे आपण मजेत आहोत असं वाटतं आणि अंगातलं पाणी भसाभसा जात असतं. डोंबिवलीत ओला झालेला शर्ट निदान सांगतो तरी की पाणी प्या.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी कार्यक्रम वाचून दाखवला. साडेदहाला किल्ला, मग पटवांची हवेली, जेवण, गडीसर तलाव, साडेचारला सम गावच्या वाळूच्या टेकड्यांकडे. मी म्हटलं, सहाला निघू, दहाला परत येऊन झोपू, पुन्हा सहाला बाहेर पडू. ते म्हणाले, “पैसे भरून झोपायला आलोय का?” हे वाक्य लक्षात ठेवा. आमच्या घरात त्यावर आजपर्यंत भांडण चालू आहे.

किल्ल्यात जैन मंदिरं आहेत, पिवळ्या दगडात कोरलेली, अप्रतिम. त्या वेळी पर्यटकांना दुपारी बारापर्यंतच आत सोडत होते, म्हणून शेवटच्या अर्ध्या तासात आमची वरात धावत पोचली. चपला बाहेर. सासूबाई तेव्हा ६८ च्या. सावलीतला दगड ठीक, पण मध्ये उघड्यावरची सहा-सात पावलं होती. त्या एक पाऊल टाकायच्या आणि दुसरं पोटरीवर घासायच्या, लहान मुलं लंगडी घालतात तशा. मी ओढणी काढून फरशीवर पसरली. त्या तिच्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आता पुढे कशी जाऊ?” ओढणी अडीच मीटरची. मी मागचं टोक उचलून पुढे टाकत गेले, त्या पावलं टाकत गेल्या. भाऊजी फोटो काढत होते. खोटं नाही, तो फोटो आहे.

बाहेर येऊन गल्लीत चार पावलं चाललो आणि त्या भिंतीला टेकल्या. चेहरा लाल, हात लावला तर कातडी गरम आणि कोरडी ठणठणीत. शब्द जड येत होते. मी लहानपणी ऊन लागलेली माणसं पाहिलीत, मला पुढचं सांगायला नको होतं. समोरच्या घराच्या ओट्यावर एक बाई होती. जैसलमेरचा किल्ला हा नुसता बघायचा किल्ला नाही, तटाच्या आत अजून माणसं राहतात, दळणं-कपडे सगळं तिथेच. तिने काही न विचारता सासूबाईंच्या दुसऱ्या काखेत हात घातला आणि आत नेलं.

आतली खोली आधी काळोखीच वाटली. हातभर जाड दगडी भिंती, वर एक लहान झरोका, जमीन गार. पंखा होता पण तो तिने लावला नाही. ओला पंचा मानेवर, दुसरा काखेत, तिसरा पायांवर, आणि हाताने वारा. त्या सावरून बोलायला लागल्यावरच मिठाचं पातळ ताक, तेही घोटघोट. मला हसू आणि रडू एकदम आलं, कारण हे सगळं माझ्या आजीचं होतं. मध्येच ती जिन्याने वर गेली तशी मीही मागून गेले. गच्चीवर चादरीवर सांगऱ्या वाळत घातलेल्या, खेजडीच्या शेंगा, उकडून पसरलेल्या. ज्या उन्हात आपल्याकडे कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या होतात त्याच उन्हात त्यांची वर्षाची भाजी होते. मी विचारलं, तुमच्याकडे यायला चांगला महिना कोणता? ती म्हणाली, “हम तो बारह महीने यहीं हैं. दोपहर में कौन निकलता है?”

पोस्टमन नाहीतर येडपट. तेच.

संध्याकाळी डॉक्टरांकडे सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी सासूबाई ठीक. मी आणि नवरा त्यांच्यापाशी थांबलो. भाऊजी मात्र मुलांना घेऊन समला गेलेच, कारण तंबूचे पैसे भरलेले. निघाले साडेचारला, पोचले साडेपाचला. आता हे बघा, जैसलमेर देशाच्या पार पश्चिमेला आहे आणि घड्याळ मात्र आपलं एकच. मे महिन्यात तिथे सूर्य साडेसातच्या सुमाराला मावळतो, अकोल्याहून अर्ध्या तासाहून जास्त उशिरा. म्हणजे साडेपाच ही संध्याकाळ नाहीच, ती दुपारच आहे. वाळूवर पाय ठेवता येईना म्हणून पोरं तास-दीड तास गाडीत बसून राहिली. आणि सूर्य खाली उतरला तेव्हा आंधी आली. तंबूवाल्याने त्या मोसमात निम्मे तंबू गुंडाळूनच ठेवले होते. जो दिला त्यातला कूलर गरम वाराच फेकत होता. जेवणात वाळू, बिछान्यात वाळू. माझ्या मुलीच्या कानातून डोंबिवलीला आल्यावरसुद्धा वाळू निघाली. ‘निम्म्या दरात’ म्हणजे काय मिळतं, ते हे.

तेव्हापासून घरात कोणी कुठलाही बेत काढला की भाऊजी म्हणतात, “अकोल्याला विचारा, हमी देतात.” मी म्हणते, अकोल्याने दुपारी झोपायला सांगितलं होतं.

बरं, मग हिवाळा. २०२२ च्या डिसेंबरात आम्ही तिघं पुन्हा गेलो, नाताळानंतरच्या आठवड्यात, मुद्दाम, भाऊजींना दाखवायला. सांगते काय दाखवलं. किल्ल्याचे चार ‘पोल’, म्हणजे दरवाजे, पार करून वर चौकात पोचायला एरवी दहा मिनिटं लागतात, आम्हाला पाऊण तास लागला. रिक्षा, स्कूटर, गाय, आणि अख्खा गुजरात. हॉटेलचा दर मे महिन्याच्या चौपट. समला सूर्यास्त बघायचा तर समोर वाळू कमी आणि जीपगाड्या जास्त, रात्री बारापर्यंत डीजे. हिवाळा हा उंटांच्या माजाचा काळ. नर उंट तोंडातून गुलाबी फुगा बाहेर काढून गुडगुड आवाज करत फेस गाळत होते, मुलीने बसायला साफ नकार दिला. रात्री पाच-सहा अंश. वाळू जितक्या लवकर तापते तितक्याच लवकर निवते, आभाळ कोरडं, ऊब धरून ठेवायला काही नाही. तंबूत दोन रजया घेऊनही दात वाजत होते. तिसऱ्या दिवशी मुलीला १०२ ताप. भाऊजींनी ग्रुपवर विचारलं, “कसं काय वातावरण?” मी शाल पांघरून हसत काढलेला फोटो टाकला. दुसरं काय करणार?

तिसऱ्यांदा गेले ती बहिणीबरोबर, फेब्रुवारी सरता सरता. आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर: माघी पौर्णिमा ते होळी. तिथला मरु महोत्सव माघी पौर्णिमेला संपतो, त्यानंतर गर्दी ओसरते आणि दर खाली येतात. दिवसा २८ ते ३०, रात्री एक शाल. कुलधऱ्याच्या ओस गावात आम्ही दोघीच होतो. रस्त्याकडेला रोहिडा फुललेला, आपण ज्याला रक्तरोहिडा म्हणतो तोच, पण वाळूत उभा असलेला भगवा-पिवळा बघण्यात वेगळी गंमत आहे. परतीच्या वाटेवर खिचनला करकोचे, ज्यांना ते कुरजां म्हणतात, ते मार्च उजाडेपर्यंत असतात. लोंगेवालाला गेलात तर तिथलं युद्धस्मारक उघड्या माळावर आहे, ते या दिवसांत निवांत बघता येतं. मे महिन्यात रणगाड्याला हात लावून बघा म्हणजे कळेल. (लावू नका.)

यातली अडचण मलाही कळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळा सोडत नाही. तुमचा धाकटा दुसरी-तिसरीत असेल, माझ्या मते चार दिवस बुडवा, काही होत नाही. मोठ्याच्या शाळेशी तुमचं तुम्ही बघा. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर ऐन दिवाळीचा आठवडा सोडा, निम्मं अहमदाबाद तिथेच असतं. तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला जा. पावसाळ्याबद्दल कोणी ‘वाळवंटात पाऊस काय रोमँटिक’ असं सांगेल, त्याचं ऐकू नका. वर्षभराचा पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर, आपल्या मुंबईत तो एका दिवसात पडतो. पण हवा दमट होते आणि उकाडा असतोच. आणि पडला तर कसाही पडतो. शेजारच्या बाडमेर जिल्ह्यात २००६ च्या ऑगस्टमध्ये कवास गाव पाण्याखाली गेलं होतं.

आणि तरीही मे महिन्यातच जायचं असेल तर? जाता येतं. हे मी आजही म्हणते, भाऊजींनी वाचलं तरी चालेल. पहाटे साडेपाचला गडीसरवर, सात ते नऊ किल्ला, दहाच्या आत खोलीत, जाड दगडी भिंतींचं जुनं घर असेल तर उत्तम, पत्र्याच्या गच्चीखालची खोली फुकट दिली तरी नको. सहानंतर पुन्हा बाहेर. समचा तंबू नाहीच. असे तीन दिवस काढले तर गर्दी नसलेलं जैसलमेर बघायला मिळतं, आणि सकाळच्या पहिल्या उन्हात तो किल्ला खरंच सोन्याचा दिसतो, ते डिसेंबरच्या धुरकट सकाळी दिसलं नव्हतं. पैसे भरून झोपायला जायचं, हे ज्याला पटतं त्याने जावं.

एक राहिलंच. हे मोठ्या माणसांसाठी. ७ वर्षांच्या मुलाला अकरा ते सहा खोलीत डांबून ठेवणं तुम्हाला जमणार असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा थोर आहात. नसेल तर मे रद्द करा. बरोबर कोणी साठीपुढचं असेल, बीपीची लघवी होण्याची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. सासूबाईंना तीच गोळी चालू होती, हे आम्हाला सलाईनच्या वेळी कळलं. भाऊजींना ठाऊक होतं. मी इतकंच म्हणते.

यंदा त्यांनी कच्छचं रण काढलंय. मे महिन्यात. निम्म्या दरात मिळतंय म्हणे. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिलेत, मी अजून काही लिहिलेलं नाही.