आधी त्यांना बसू दे

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

शुभंकरांसाठी, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांना सांभाळणाऱ्या घरच्यांसाठी, माइंडफुलनेसचा, आत्ता जे घडतंय त्याकडे सजगपणे लक्ष देण्याच्या सरावाचा, गट सुरू करतेयस हे वाचून फार बरं वाटलं. आराखडाही नीट वाचला. आठ आठवडे, दर शनिवारी अडीच तास, घरी रोज पंचेचाळीस मिनिटं सराव आणि एक अख्खा दिवस मौनाचा. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात सुरू केलेल्या कार्यक्रमाचाच हा साचा आहे. पण तो त्यांनी जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी बांधला होता. तुझ्यासमोर बसणार आहेत ते स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेल्या माणसांचे आईवडील, बायका, भाऊ-बहिणी. अडीच तास बाहेर पडायचं तर घरी कोण थांबणार, इथून त्यांची तयारी सुरू होते. पंचेचाळीस मिनिटं कुणी हाक मारणार नाही अशी वेळच त्यांच्या दिवसात नसते. तेव्हा हा आराखडा या लोकांच्या मापाने नव्याने बेतावा लागेल.

उद्दिष्टात तू पहिलंच वाक्य लिहिलंयस, ‘शुभंकरांची सहनशक्ती वाढावी.’ ते खोडून टाक. सहनशक्ती त्यांच्याकडे तुझ्यामाझ्यापेक्षा जास्तच आहे. सोसायचा सल्ला त्यांना माहेर, सासर, शेजार, सगळीकडून मिळतो. आपणही तेच शिकवायला लागलो, फक्त श्वासावर लक्ष ठेवून, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. आपण देऊ शकतो ती गोष्ट लहान आहे. शुभार्थीचं, म्हणजे आजारी माणसाचं, वागणं आणि आपलं उत्तर यांच्यामध्ये एका श्वासाएवढी जागा. तेवढ्यासाठी आठ आठवडे घालवायला माझी हरकत नाही, कारण त्या जागेत पुष्कळ काही घडू शकतं.

का, ते सांगते. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. मनोरुग्णालयातून सुधारून आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले रुग्ण, भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडत होते. पुढे सत्तरच्या दशकात हे घरातलं वातावरण मोजण्याची रीत बसली. टोचून बोलणं, वैरभाव आणि जीव गुंतवून सतत मागे मागे राहणं, या तीन गोष्टी जिथे जास्त, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त. आठवड्याला पस्तीस तासांहून अधिक वेळ समोरासमोर जात असेल तर आणखीच. ऐंशीच्या दशकात चंडीगडला डॉ. एन. एन. विग आणि लंडनचे जुलियन लेफ या मानसोपचारतज्ज्ञांच्या गटाने हेच मोजलं, तेव्हा आपल्याकडे टीकेचं प्रमाण लंडनच्या मानाने बरंच कमी निघालं.

हे तुला ठाऊक असायला हवं, पण गटात याचा तक्ता लावू नकोस. एके काळी मानसोपचारवालेच म्हणत की आईच्या वागण्याने स्किझोफ्रेनिया होतो. ते चूक होतं, पण त्याचे ओरखडे अजून गेलेले नाहीत. ‘तुमच्या बोलण्याने तो पुन्हा आजारी पडतो’ असं कानावर पडलं की समोरची आई पुढच्या शनिवारी येणार नाही. आलीच तर तोंड उघडणार नाही.

त्यापेक्षा तिच्या घरातला एखादा प्रसंग घे. सकाळचे अकरा वाजलेत. मुलगा अजून अंथरुणात, पांघरूण डोक्यावरून. आईच्या एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात गोळी. कुकर उतरायचाय, नवरा कामावर गेलाय. ती दारात येते तेव्हाच तिचे दात आवळलेले असतात, खांदे कानाशी आलेले असतात आणि वाक्य तोंडात तयार असतं, ‘किती वेळ लोळणार आहेस? बाकीची मुलं बघ.’ तो कूस वळवतो. ती आवाज चढवते. गोळी तशीच राहते, आणि दिवस दोघांचाही जातो.

सराव इथे बसवायचा. ओट्यापाशी, खोलीत शिरण्याआधी. पेला हातात आहे, तर हाताला त्याचा गारवा कळतोय का बघ. दोन्ही पाय फरशीवर टेकलेत का? दात आवळलेत का? आवळलेले असले तर असू देत, नुसतं कळू दे. एक श्वास सावकाश बाहेर सोड आणि मग आत जा. ‘गोळी घेतोस ना?’ एवढंच म्हण. काम तेच राहील, सूर मात्र निराळा असेल. रोजच्या गोळीला जोडलेला हा अर्ध्या मिनिटाचा सराव घरी टिकतो. पंचेचाळीस मिनिटांची ध्वनिफीत ऐकणाऱ्या बाया मी फार कमी पाहिल्या.

याच्या जोडीला आजाराची माहितीही द्यायलाच हवी, नाहीतर नुसता श्वास काय करणार! घरच्यांच्या टीकेचा रोख बहुतेक वेळा भासांवर किंवा संशयावर नसतो. आवाज येतात हा आजार आहे, हे घरच्यांना एव्हाना पटलेलं असतं. राग येतो तो अंघोळ न करण्याचा, कामाला न लागण्याचा, कुणाशी न बोलण्याचा. ते ‘आळशी’ वाटतं. इच्छाशक्ती आटणं, चेहरा कोरा पडणं हीसुद्धा स्किझोफ्रेनियाचीच लक्षणं आहेत आणि गोळ्यांचा त्यांवर फारसा जोर चालत नाही, हे ज्या दिवशी वडिलांना उमगतं, त्या दिवशी त्यांचा निम्मा राग ओसरतो. उरलेल्या निम्म्यासाठी सराव.

आता सत्राबद्दल. डोळे मिटायची सक्ती करू नकोस. मॅनियाच्या, म्हणजे बायपोलरमधल्या अति उत्तेजित अवस्थेच्या, भरात नवऱ्याने हात उगारलेला ज्या बाईने पाहिलाय, तिला अनोळखी माणसांच्या खोलीत डोळे मिटवणार नाहीत. तिला दाराजवळची खुर्ची दे, नजर जमिनीवर ठेवू दे. काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की छातीत धडधड वाढते, त्यांना तळपाय सांग. आजूबाजूचे आवाज लक्ष देऊन ऐकण्याचा सराव जपून घे, कारण यांचे कान वर्षानुवर्षं रात्रीच्या कडीकडे लागलेले असतात. कुणी रडेल, तर पाण्याचा ग्लास पुढे करून बाकी सगळं चालू ठेव. आणि कुणी ना कुणी घोरायला लागेलच. त्याला उठवू नकोस. आठवडाभरातली ती कदाचित पहिली बिनघोर झोप असेल, आणि ती तुझ्या गटात लागली ही चांगलीच गोष्ट आहे.

एक वाक्य मात्र तुझ्या तोंडून कधी येऊ देऊ नकोस. ‘वर्तमानात राहा.’ प्रत्येक आई-बापाच्या मनात एकच प्रश्न ठाण मांडून असतो, आमच्यानंतर याचं काय? ही काळजी खरी आहे. तिला ‘नुसता एक विचार’ म्हणून वाहू द्यायला सांगणं मला पटत नाही. रात्री तीन वाजता ती आली तर तिला ओळखून पाठ टेकवता यावी, इतपत सराव उपयोगी आहे. पण दिवसा कागद-पेन घेऊन तिचं काहीतरी करायला हवं. म्हणून प्रत्येक सत्रातला अर्धा तास व्यवहाराला ठेव. एका शनिवारी मृत्युपत्र आणि ट्रस्टची माहिती असलेला वकील बोलाव. एका शनिवारी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा विषय घे. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार येतो, निदान चाळीस टक्के दिव्यांगत्व नोंदलं गेलं तर बऱ्याच सवलती मिळतात, आणि तरीही कित्येक घरांनी लाजेपायी अर्जच केलेला नसतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शुभार्थीला, आजार बळावल्यावर आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे बरं असताना लिहून ठेवण्याचा आणि आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमण्याचा हक्क दिलाय, तोही समजावून सांग. कागद हातात आला की खांदे खाली येतात, हे मी पाहिलंय.

मौनाचा दिवस काढून टाक. त्या दिवशी त्यांना एकमेकांशी बोलू दे. पन्नासच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या घरच्यांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं होतं. हाताखाली माणसं कमी होती हे खरं, पण त्यातून फार मोठी गोष्ट साधली. घरच्यांनी आपलं माणूस सुधारताना डोळ्यांनी पाहिलं, शेजारच्या तंबूतलंही पाहिलं, आणि रुग्ण घरी परत जाऊ लागले. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं काम उभं राहिलं त्यातही घरच्यांचाच पुढाकार होता. ‘आमचाही असंच करतो’ हे वाक्य दुसऱ्या शुभंकराच्या तोंडून ऐकलं की जे होतं, ते तुझ्या-माझ्या मार्गदर्शनाने होत नाही.

काही प्रश्न हमखास येतील, त्यांची उत्तरं तयार ठेव. ‘याला विपश्यनेला पाठवू का?’ नाही. इगतपुरीची दहा दिवसांची शिबिरं अनेकांना लाभली आहेत, पण गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी येऊ नये असं ती केंद्रं स्वतःच सांगतात. तासन्‌तास ध्यानाला बसल्याने भास उफाळू शकतात. ‘ध्यान सुरू केलं, आता गोळ्या कमी करू का?’ डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही. गोळ्यांमध्ये क्लोझापिन असेल तर रक्ततपासणी, लिथियम असेल तर त्याची रक्तातली पातळी, यात खाडा नको.

आणि जिथे मारहाण होतेय, किंवा शुभार्थी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलतोय, तिथे श्वास मोजत बसायचं नाही. आधी स्वतः बाजूला व्हायचं, घरातल्या धारदार वस्तू आणि गोळ्यांचा साठा हलवायचा, डॉक्टरांना गाठायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये तुझ्यासमोर साठवून घे. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. शुभंकरालाच झोप, भूक नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो आता पेशंट आहे. त्यालाही डॉक्टरांकडे पाठव, गटात येत असला तरी.

गटाला येतील त्या बहुतेक बायकाच. त्यांच्यासोबत घरातला आणखी एक जण, नवरा, दीर, मुलगी, निदान दोन सत्रांना यायलाच हवा अशी अट घाल. एकटी आई शांत झाली आणि संध्याकाळी वडिलांनी आल्या आल्या तोफ डागली, तर काही उपयोग नाही.

शेवटी सांभाळण्याचं ओझं मोजायची प्रश्नावली भरून घेशील, चेन्नईच्या स्कार्फ या स्किझोफ्रेनियावर काम करणाऱ्या संस्थेची आहे ती वापर, आपल्याकडच्या घरांना धरून केलेली आहे. पण आकडा फार घसरेल अशी आशा धरू नकोस. आजार तिथेच आहे, खर्चही तिथेच आहे.

एक काम आत्ताच कर. शनिवार ठरवण्याआधी प्रत्येक घरी फोन कर आणि एकच विचार, तुम्ही इकडे असताना घरी कोण थांबणार? ज्यांच्याकडे कुणीच नाही त्यांना सांग, शुभार्थीला घेऊनच या. बाजूची खोली मोकळी ठेव, कॅरम ठेव, चहा ठेव, आणि तुझ्या कॉलेजमधली दोन समंजस मुलं तिथे बसव. खोलीच्या भाड्याचं अडलं तर मला कळव, मी बोलते.

तुझी,
ताई