अध्यात्म आणि जटिलता विज्ञान यांची सांगड घातली तर हिंसा थांबेल का?

थांबेलच असं छातीठोक सांगत नाही, पण सांधा कुठे जुळतो ते सांगतो. जटिलता विज्ञान म्हणजे सुट्या घटकांच्या छोट्या वागण्यातून समूहाचं मोठं वागणं कसं घडतं, याचा अभ्यास. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली एक हिशेब मांडला. जमावात १०० जण. पहिला आपणहून दगड मारतो, दुसऱ्याला एकजण मारताना दिसावा लागतो, तिसऱ्याला दोघे... असे शंभरही पेटतात. आता फक्त दुसऱ्याला एकाऐवजी दोघे लागतात असं धरा. दंगल पहिल्या दगडावरच विझते! बाकीचे ९८ जण होते तसेच.

बेळगावात १ नोव्हेंबरच्या (कर्नाटकचा राज्योत्सव, तर सीमाभागातल्या मराठी भाषकांचा काळा दिवस) आसपास मोबाईलवर फिरणारे मेसेज बघताना मला हा दुसरा माणूस आठवतो. अध्यात्माचं काम त्याच्यापाशी. दिंडीत समोरचा मराठी की कन्नड हे न विचारता पाया पडतात. विठ्ठलच मुळी ‘कानडा’. (नुसत्या भजनावर माझा भरवसा नाही, हेही खरं.)