रॅम्सच्या आधी लॉस एंजेलिसमध्ये कोण होतं? बुलडॉग्जबद्दल थोडं लांबलचक

तुमचा प्रश्न वाचला. मुलगा सातवीत, रिपोर्ट रॅम्सवर (लॉस एंजेलिसची अमेरिकन फुटबॉलची टीम), त्याने पहिलंच वाक्य लिहिलंय की १९४६ मध्ये रॅम्स आले आणि लॉस एंजेलिसला पहिली प्रोफेशनल फुटबॉल टीम मिळाली, आणि तुम्हाला कुणीतरी सांगितलं की त्याआधी "बुलडॉग्ज" नावाची एक मायनर लीग टीम होती, तर ते खरं का, आणि मायनर लीग म्हणजे आपल्या रणजीसारखं काही का.

खरं आहे. होती. आणि नुसती होती असं नाही, चांगली दणदणीत होती. मी इथे वीस-बावीस वर्षं आहे, आलो तेव्हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तो एवढंच डोक्यात होतं, मग ऑफिसातल्या लोकांमुळे नाद लागला आणि जुन्या टीम्सचा इतिहास वाचायची खोड लागली ती कायमचीच. त्यामुळे लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी रणजीचं. नाही, तसं नाही. रणजीतून वर चढून भारताच्या टीममध्ये जायची शिडी आहे, तशी शिडी फुटबॉलमध्ये मायनर लीगने कधी बांधलीच नाही कारण ते काम कॉलेजं करतात, फुकटात. म्हणजे एनएफएलला (अमेरिकन फुटबॉलची सगळ्यात मोठी लीग) पोरं तयार करायला एक पैसा खर्च करावा लागत नाही, शनिवारी कॉलेजच्या मॅचला स्टेडियम भरतात तिथूनच पोरं उचलायची. बेसबॉलमध्ये मायनर लीग ही मोठ्या टीमची शेती असते, फुटबॉलमध्ये ती बऱ्याचदा फक्त "ज्यांना आत घेतलं नाही ते" अशीच राहिली. बुलडॉग्जची सगळी गोष्ट या "आत घेतलं नाही" मध्येच आहे.

१९३६ ला टीम सुरू झाली, उद्देश सरळ होता, एनएफएलमध्ये शिरायचं. तेव्हा एनएफएल म्हणजे शिकागो, न्यूयॉर्क, ग्रीन बे, डेट्रॉइट असा सगळा पूर्वेचा आणि मधला पट्टा, कॅलिफोर्नियात कुणीच नाही. (१९२६ मध्ये एनएफएलमध्ये "लॉस एंजेलिस बकॅनियर्स" नावाची टीम होती म्हणतात ते खरंय पण ती बसायची शिकागोत, लॉस एंजेलिसमध्ये एकही लीग मॅच खेळली नाही. नाव गावाचं, मुक्काम भलतीकडेच.) कोच आणला गस हेंडरसन, हा आधी गावातल्याच यूएससी युनिव्हर्सिटीचा कोच होता, गावात माहीत असलेला माणूस. त्याला पेपरवाले "ग्लूमी गस" म्हणायचे कारण प्रत्येक मॅचच्या आधी हा तोंड पाडून सांगायचा की आज आपलं काही खरं नाही, आणि मग जिंकायचा. आपल्याकडे परीक्षेनंतर "पेपर वाईट गेला गं" म्हणून रडणारी आणि मग वर्गात पहिली येणारी मुलगी असते ना, तसला प्रकार.

पहिल्या वर्षी लीग नव्हती, नुसते मित्रत्वाचे सामने, पण समोर कोण तर चक्क एनएफएलच्या टीम्स. पूर्वेच्या टीम्स उन्हासाठी आणि चार पैशांसाठी कॅलिफोर्नियात यायच्या. आणि बुलडॉग्जनी फिलाडेल्फिया ईगल्सना हरवलं, पिट्सबर्गला हरवलं (तेव्हा ते स्टीलर्स नव्हते, पायरेट्स होते), शिकागो कार्डिनल्सनाही हरवलं. ग्रीन बे आणि शिकागो बेअर्स कडून मार खाल्ला, तो त्या काळात सगळेच खायचे. म्हणजे एनएफएलच्या मधल्या-खालच्या फळीतल्या टीमइतकी तरी ही टीम नक्कीच होती, यात मला काही शंका वाटत नाही.

आता १९३७. एनएफएलला एक टीम वाढवायची होती. एका बाजूला लॉस एंजेलिस, दुसऱ्या बाजूला क्लीव्हलँड. निवड झाली क्लीव्हलँडची. का? तर अंतर. विमानाने टीम न्यायचे दिवस अजून यायचे होते, सगळं रेल्वेने, शिकागोपासून लॉस एंजेलिस म्हणजे दोन-अडीच दिवस, पूर्वेकडून निघालात तर आणखी जास्त, जायला तेवढे यायला तेवढे, मग बाकीच्या मॅचेस कधी खेळायच्या आणि तिकिटाचे पैसे कोण भरणार. मालकांच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं, खोटं कशाला बोला. पण क्लीव्हलँडच्या त्या टीमचं नाव वाचा.

क्लीव्हलँड रॅम्स.

हो, तेच. तुमच्या मुलाचे रॅम्स. १९३६ ला ते दुसऱ्या एका लीगमध्ये होते, अमेरिकन फुटबॉल लीग नावाच्या (या नावाच्या लीग्ज चार-पाच होऊन गेल्या, साठच्या दशकातली प्रसिद्ध आहे ती ही नव्हे). रॅम्स तिथून उठून एनएफएलमध्ये गेले आणि त्यांची रिकामी झालेली खुर्ची बुलडॉग्जना मिळाली. मग दोघांचं त्या वर्षी काय झालं बघा. एनएफएलमध्ये रॅम्स अकरा मॅच खेळले, एक जिंकले, दहा हरले. इकडे बुलडॉग्ज लीगमध्ये आठ खेळले, आठ जिंकले. एकही हार नाही, एकही बरोबरी नाही. बाकीच्या पाच टीम्सपैकी एकीचेही जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त नव्हते.

१९७२ च्या मायामी डॉल्फिन्सचं १७-० सगळ्यांना पाठ असतं, पण एकही मॅच न हरता न बरोबरी करता लीग जिंकणारी पहिली प्रो टीम शोधायला गेलात तर ती बुलडॉग्जच. आता कुणी म्हणेल की प्लेऑफ (शेवटची बाद फेरी) नव्हते, लीग दुबळी होती, पिट्सबर्गची टीम तर तीन मॅच हरून बंदच पडली. मान्य. पण आठ मॅच आहेत, त्यातही अर्धा देश रेल्वेने तुडवून खेळलेल्या, एखादा दिवस तरी घसरायला काय लागतं हो.

गंमत म्हणजे या जिंकण्यानेच लीग बुडाली, म्हणजे निदान बुडायला हातभार लागला. एक तर टीम एवढी लांब की प्रवासाचा खर्च सगळ्यांच्या डोक्यावर, आणि त्यात ती सगळ्यांना हरवणार हे आधीच माहीत, मग तिकीट काढून कोण येणार. १९३७ संपलं, लीगही संपली. १९३८ ला बुलडॉग्ज परत एकटे, लीगबिग नाही, जो येईल त्याच्याशी खेळायचं.

यातली एक बाब फार कमी लोकांना माहीत असते. एनएफएलचा पहिला ऑल-स्टार सामना, ज्याला पुढे प्रो बोल म्हणायला लागले, तो १५ जानेवारी १९३९ ला लॉस एंजेलिसच्या रिग्ली फील्डवर झाला (शिकागोचं नव्हे, इथेही त्याच नावाचं बेसबॉलचं मैदान होतं). न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध निवडक खेळाडू, जायंट्स १३-१० ने जिंकले. आणि त्या निवडक खेळाडूंमध्ये बुलडॉग्जची पोरंसुद्धा होती! म्हणजे टीमला लीगमध्ये जागा नाही पण लीगच्या ऑल-स्टार मॅचला तिची पोरं चालतात. लग्नात वाढपी म्हणून बोलवायचं, पंगतीत पान नाही.

त्याच वर्षी हेंडरसनलाही एनएफएलने नेलं, डेट्रॉइट लायन्सने.

१९४० पासून जी लीग सुरू झाली तीच खरी मायनर लीग म्हणायची, पॅसिफिक कोस्ट प्रोफेशनल फुटबॉल लीग. सगळ्या टीम्स पश्चिम किनाऱ्यावरच्या, त्यामुळे रेल्वेचं ते रडगाणं संपलं. बुलडॉग्ज तिच्या सुरुवातीपासून होते आणि त्यांचे पक्के वैरी म्हणजे हॉलिवूड बेअर्स, गावातलेच. माझ्या मते या लीगचं महत्त्व स्कोअरपेक्षा वेगळ्या कारणाने आहे आणि मुलाच्या रिपोर्टमध्ये एक परिच्छेद टाकायचाच असेल तर तो हा टाका. १९३४ पासून १९४५ पर्यंत एनएफएलमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. कागदावर नियम नाही, पण मालकांचं आपापसात ठरलेलं, तोंडी. आणि पश्चिमेच्या या "छोट्या" लीगमध्ये काळे गोरे एकत्र खेळत होते. यूसीएलए युनिव्हर्सिटीचा केनी वॉशिंग्टन, कॉलेजमध्ये धुमाकूळ घातलेला माणूस, त्याला एनएफएलमध्ये कुणी घेतलं नाही, तो हॉलिवूड बेअर्सकडून खेळला. त्याचा मित्र वूडी स्ट्रोडसुद्धा, जो पुढे सिनेमात नट झाला.

आणि बुलडॉग्जकडे कोण होतं माहितीय? जॅकी रॉबिन्सन. हो हो, तोच, बेसबॉलवाला. तो यूसीएलएत याच दोघांबरोबर फुटबॉल खेळलेला. १९४१ च्या शेवटी तो होनोलुलूत तिथल्या बेअर्स नावाच्या टीमकडून खेळत होता, सीझन संपल्यावर ५ डिसेंबरला बोटीत बसून घरी निघाला. दोन दिवसांनी पर्ल हार्बर. त्याने स्वतः सांगून ठेवलंय की बोटीत पत्ते खेळत बसलो होतो आणि बघतो तर खलाशी खिडक्यांना काळा रंग फासतायत. घरी पोचला आणि उरलेल्या सीझनसाठी बुलडॉग्जकडून उतरला, मग १९४२ ला सैन्यात भरती, १९४४ ला सुटून आला तेव्हा पुन्हा थोडा बुलडॉग्जकडून. पुढचं तर सगळ्या जगाला माहीत आहे, १९४७, ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळून बेसबॉलच्या मोठ्या लीगमधली काळ्यांवरची बंदी मोडली वगैरे. त्याच्यावर एवढं लिहिलं जातं पण हा तुकडा बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकतात याचा मला राग येतो जरा.

बरं, शेवट. १९४५ ला क्लीव्हलँड रॅम्स एनएफएलचे चॅम्पियन झाले, १५-१४ असा काठावरचा सामना, आणि त्यानंतर महिन्याभरात मालक डॅन रीव्ह्ज म्हणाला मी टीम लॉस एंजेलिसला नेतो, इथे पैसे सुटत नाहीत. बाकीचे मालक आधी नाहीच म्हणाले, कारण तेच जुनं, अंतर आणि खर्च. त्याने मग लीग सोडायची धमकी दिली, वर पाहुण्या टीम्सना जास्तीचे पैसे द्यायचं कबूल केलं, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. म्हणजे बघा, ज्या कारणासाठी बुलडॉग्जना दार बंद केलं ते कारण नऊ वर्षांनी पैसे मोजून बाजूला सारता आलं, आणि ते सारून आत आली कोणती टीम तर बुलडॉग्जच्या ऐवजी निवडलेलीच. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं माझीच काहीतरी गल्लत होतेय, परत जाऊन तारखा बघितल्या.

रॅम्सना लॉस एंजेलिसमध्ये खेळायचं होतं ते कोलिसियम मैदान सरकारी पैशाचं, त्यामुळे काळ्या वृत्तपत्रांच्या लोकांनी, त्यात हॅली हार्डिंग नावाचा पत्रकार पुढे, मैदान चालवणाऱ्या कमिशनसमोर उभं राहून विचारलं की सगळ्यांच्या करावर बांधलेल्या मैदानात काळ्यांना बंदी असलेली टीम कशी खेळते. त्या दबावाने रॅम्सनी मार्च १९४६ मध्ये केनी वॉशिंग्टनला घेतलं, मग स्ट्रोडला. वॉशिंग्टनचे गुडघे तोपर्यंत कामातून गेले होते, चांगली वर्षं मायनर लीगमध्ये संपली होती. तरी १९४७ ला तो एकदा चेंडू घेऊन ९२ यार्ड धावला.

त्याच १९४६ ला एनएफएलच्या विरोधात निघालेल्या नव्या लीगची "डॉन्स" नावाची टीमसुद्धा गावात आली, तीही कोलिसियममध्येच. कोलिसियम लाखभर लोकांचं. बुलडॉग्जचं गिलमोर स्टेडियम अठरा हजारांचं, तेही मुळात छोट्या गाड्यांच्या रेसिंगसाठी जास्त प्रसिद्ध. दोन-दोन मोठी दुकानं समोर उघडल्यावर कोपऱ्यावरच्या वाण्याचं जे होतं तेच झालं. त्या वर्षी बुलडॉग्ज आपल्या लीगमध्ये पहिले आले, बघायला कोण होतं हा प्रश्न वेगळा. १९४७ ला हवाईच्या टीममधल्या खेळाडूंचं पैजांचं प्रकरण निघालं, बरेच जण निलंबित झाले, लीगची उरलीसुरली पत गेली. १९४८ ला बुलडॉग्ज लाँग बीचला गेले, नावसुद्धा लाँग बीच बुलडॉग्ज केलं, आणि तिथेच टीम आणि लीग दोन्ही आटोपलं.

गिलमोर स्टेडियम पाडलं, १९५२ ला तिथे टीव्हीचे स्टुडिओ झाले. शेजारचं फार्मर्स मार्केट मात्र अजून आहे, थर्ड आणि फेअरफॅक्सच्या कोपऱ्यावर. भारतातून कुणी आलं की मी तिकडे नेतोच आणि पार्किंगकडे हात करून बुलडॉग्ज सुरू करतो, आमची ही लगेच म्हणते आधी जेवून घेऊ.

तर मुलाचं वाक्य. पूर्ण खोडायची गरज नाही, "लॉस एंजेलिसला पहिली प्रोफेशनल टीम मिळाली" च्या जागी "लॉस एंजेलिसमध्ये घरच्या मैदानावर खेळणारी एनएफएलची पहिली टीम" असं करा. टीचरने विचारलं एवढं लांबवून का लिहिलं, तर १९३७ चे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवायला सांगा, रॅम्स १-१०, बुलडॉग्ज ८-०.